उस औरत का नाम मत लेना, असं आंटी म्हणाल्या

प्रश्न: ताई, मी ऑकलंडला राहते. मार्चमध्ये आमच्या बायकांच्या ग्रुपचा महिला दिन आहे, ग्रुपमध्ये अर्ध्या आम्ही महाराष्ट्रातून आलेल्या आणि अर्ध्या फिजीच्या भारतीय. मी पंधरा मिनिटं आयरीन जय नारायण यांच्यावर बोलायचं ठरवलं, लखनौची मुलगी लग्न होऊन फिजीला गेली, निवडून आली, मंत्री झाली, मला वाटलं दोन्हीकडच्या बायकांना आपली वाटेल. ग्रुपवर पोस्टर टाकलं, 'लखनौ ते मंत्रिमंडळ, एका वाघिणीची झेप'. त्याच रात्री शेजारच्या फिजीच्या आंटींची व्हॉइस नोट आली, उस औरत का नाम हॉल में मत लेना, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. या आंटींनी माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा दिलाय हो. कमिटीतल्या बायका म्हणतात वाद नको, कल्पना चावलावर बोल. विषय बदलू का? आंटींना काय सांगू? आणि ती बाई खरंच गद्दार होती का? (नाव छापू नका.)

उत्तर: विषय बदलू नकोस, पोस्टर मात्र आजच्या आज काढ. घाई असेल तर एवढं वाचून थांबलीस तरी चालेल, बाकीचं सवडीने चहा घेत वाच कारण मी जरा लांबण लावणार आहे.

अगं वाघीण, झेप वगैरे शब्द तू कुणासमोर टाकलेस ते बघ ना. तुझ्या ग्रुपमधल्या त्या बायका किंवा त्यांचे आईवडील फिजी सोडून ऑकलंडला का आले हे कधी विचारलंयस का? सगळेच त्या कारणाने आले असं नाही पण खूप जण १९८७ नंतर आलेत. १४ मे १९८७ ला सकाळी दहाच्या सुमाराला राजधानी सुवाच्या पार्लमेंटमध्ये सैनिक घुसले, लेफ्टनंट कर्नल राबुकाने जेमतेम महिन्याभराचं सरकार खाली खेचलं, पंतप्रधान डॉ. बावाद्रा आणि त्यांच्या लोकांना ट्रकमध्ये घालून नेलं. बावाद्रा स्वतः मूळ फिजियन बरं का, पण त्यांच्या आघाडीला भारतीयांनी भरभरून मतं दिली होती आणि मंत्रिमंडळात भारतीय जवळजवळ निम्मे होते, तेच खुपलं. आणि तारीख बघ, १४ मे. १८७९ साली याच तारखेला लिओनिडास जहाज गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांना, घेऊन फिजीत पोचलं होतं. बरोब्बर १०८ वर्षांनी त्यांच्या नातवंडा-पतवंडांना कळलं की मत दिलं तरी राज्य आपलं नाही. सप्टेंबरात दुसरा कूप, म्हणजे पुन्हा लष्करी सत्तापालट, मग रिपब्लिक, मग रविवारी बस-टॅक्सीसुद्धा बंद असले हुकूम, आणि १९९० ची राज्यघटना, ज्यात खालच्या सभागृहाच्या ७० पैकी ३७ जागा मूळ फिजियनांना आणि २७ भारतीयांना, वर पंतप्रधान मूळ फिजियनच हवा. १९८६ च्या शिरगणतीत भारतीय मूळ फिजियनांपेक्षा थोडे जास्तच होते, त्यांना ही वाटणी. डॉक्टर, मास्तर, अकाउंटंट, ज्याला ज्याला व्हिसा मिळाला तो सिडनी, ऑकलंड, व्हँकुव्हर गाठायला लागला.

आणि या सगळ्यात कूपनंतरच्या अंतरिम सरकारात भारतीय व्यवहार मंत्री कोण? तुझी वाघीण. आता आंटींची व्हॉइस नोट परत एकदा ऐक.

तू तुझ्या स्क्रिप्टची फाइल जोडली होतीस, वाचली. त्यात १९६६ ते १९८७ मस्त लिहिलंयस आणि पुढे एकच वाक्य, 'त्यानंतर त्यांनी मंत्री म्हणूनही देशाची सेवा केली'. अगं या एका वाक्यासाठीच तर दार बंद झालंय! पोस्टरवर मंत्रिमंडळ मोठ्या अक्षरात आणि ते मंत्रिपद आलं कुठून याबद्दल चकार शब्द नाही. ऐकणारीला वाटणारच की या इंडियावाल्यांना आमचं काय जळलं ते माहीत नाही किंवा माहीत असून फरक पडत नाही.

आता बाईंविषयी. माझे मिस्टर बँकेत होते, नव्वदच्या दशकात आमची बदली सुवाला होती, त्यामुळे हे नाव मी भांडणातूनच ऐकलं. एखाद्या घरी संध्याकाळी नगोनाचा, म्हणजे तिथल्या कावा पेयाचा, वाडगा फिरतोय आणि कुणी आयरीनबाईंचं नाव काढलं की म्हातारे म्हणायचे काय बोलायची बाई, सभा गप्प बसायची, आणि त्यांचीच मुलं म्हणायची बाबा पुढचं पण सांगा ना. एकाच घरात दोन्ही. तुझं भाषण त्या घरासारखं व्हायला पाहिजे असं मला वाटतं.

पहिला भाग कापू नकोस, तो खरंच मोठा आहे. लग्न होऊन १९५९ ला सुवात आल्या, नवरा शिक्षणक्षेत्रातला नावाजलेला माणूस, त्याही शाळेत शिकवायला लागल्या. म्हणजे गिरमिटियांच्या पोटी जन्मलेल्या नाहीत, तुझ्या-माझ्यासारख्या पासपोर्ट घेऊन आलेल्या. हे तू स्क्रिप्टमध्ये टाकलंच नाहीयेस आणि माझ्या मते इथूनच सुरुवात करायला हवी, कारण गिरमिटाची जहाजं कलकत्त्याहून आणि नंतर मद्रासहूनही गेली, मुंबईहून नाही, आपल्या मराठी घरांमध्ये त्या प्रवासाची आठवण सांगणारं कुणी नाही. आंटींच्या घरात असेल. तू बाहेरून बोलतेयस हे आधी कबूल केलंस की ऐकणारी जरा सैल बसते.

फिजीत बायकांना मताचा हक्क १९६३ ला मिळाला आणि १९६६ ला या बाई लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये! आल्याला सात वर्षं झालेली, परक्या देशातून आलेली सून, आणि सुवाच्या भारतीय मतदारांनी निवडून दिली. ए. डी. पटेलांच्या नॅशनल फेडरेशन पार्टीत गेल्या, हे पटेल म्हणजे गुजरातचे वकील, ऊस शेतकऱ्यांच्या बाजूने साखर कंपनीशी आणि इंग्रज सरकारशी भिडलेले. तिथे तेव्हा वंशवार जागा होत्या, म्हणजे भारतीय मतदार भारतीय जागेला, फिजियन फिजियन जागेला, आणि स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९७० नंतर, त्याच्या जोडीला काही नॅशनल जागा ज्यात उमेदवाराचा वंश ठरलेला पण मत सगळ्यांनी द्यायचं, एकेका मतदाराला चार चार मतं. हे स्लाइडवर समजावत बसू नकोस, झोपतील. एवढंच सांग की बाईंची सगळी ताकद भारतीय मतदारांकडून आलेली होती, १९६६ पासून १९८७ पर्यंत दर वेळी त्यांनीच पाठवलं. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

१९७७ वर दोन मिनिटं घालव, कारण तिथे नाट्य आहे आणि आंटींच्या वयाच्या बायकांना तो एप्रिल आठवत असेल. ५२ जागा, फेडरेशन पार्टीला २६, तेव्हाचे पंतप्रधान मारा यांच्या अलायन्स पक्षाला २४, एक कट्टर फिजियन राष्ट्रवादी, एक अपक्ष. म्हणजे भारतीयांच्या पक्षाचं सरकार यायला हवं होतं, आणि हे लोक नेता कोण यावर तीन-चार दिवस घोळ घालत बसले! शेवटी सिद्दिक कोया निवडले गेले तोपर्यंत गव्हर्नर जनरलने मारांनाच परत पंतप्रधान केलं. मग पक्ष फुटला, एक फुलवाले आणि एक कबुतरवाले, निवडणूक चिन्हांवरून नावं. आयरीनबाई पक्षातलेच दुसरे नेते जयराम रेड्डी यांच्याबरोबर फुलात, कोया कबुतरात. सप्टेंबरात परत निवडणूक, अलायन्स ३६, फुलं १२, कबुतरं ३. कोयांची स्वतःची जागा गेली. हातात आलेलं राज्य आपापसात भांडून घालवलं, आणि गंमत बघ, याबद्दल आजही कुणी एका माणसाला गद्दार म्हणत नाही, 'आपल्या लोकांचं नेहमीचंच' म्हणून हसतात. बाईंची कोयांशी अढी मात्र तेव्हाची, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

१९८४ मध्ये स्पीकरशी खटका उडून रेड्डी पार्लमेंट सोडून गेले, पक्ष पुन्हा कोयांच्या हातात, आणि त्यानंतर बाई पक्षातून बाहेर. वीस वर्षं ज्या पक्षासाठी घरोघर फिरल्या तो सोडला, आधी अपक्ष, मग मारांच्या अलायन्समध्ये. इथे एक गोष्ट नीट सांग कारण व्हॉट्सॲपवरच्या गप्पांमध्ये ही हमखास उलटसुलट होते: त्या अलायन्समध्ये कूपच्या आधी गेल्या, कूपनंतर उडी मारलेली नाही. १९८७ च्या एप्रिलमध्ये अलायन्सच्या तिकिटावर उभ्या राहिल्या आणि पडल्या. पक्ष बदलणं हा तिथे गुन्हा नव्हता, विजय सिंग अलायन्सचे मंत्री होते ते उलट्या दिशेने फेडरेशन पार्टीत आले, त्यांना कुणी असं वाळीत नाही टाकलं. बाईंनी पक्ष बदलला, मतदारांनी नाही म्हटलं, हिशोब मिटला. तिथे थांबल्या असत्या तर आज सुवात त्यांच्या नावाचा एखादा हॉल असता आणि आंटी तुला त्यांचे किस्से सांगत बसल्या असत्या.

पण मग कूप झाला आणि ज्या लोकांनी काही महिन्यांपूर्वीच तुम्ही नको म्हटलं होतं त्याच लोकांच्या नावाने त्या मंत्री झाल्या. मत कुणाचंच नाही. एकवीस वर्षं प्रत्येक खुर्ची मतपेटीतून आलेली आणि शेवटची, सगळ्यात मोठी, बंदुकीच्या नळीतून. गद्दार होत्या का विचारतेस ना, मला तो शब्द वापरायला आवडत नाही कारण तो एकदा टाकला की पुढचं काही ऐकायला येत नाही, पण चूक होती का म्हणशील तर हो, माझ्या मते मोठी चूक होती. आतून कुणीतरी आपल्या लोकांचं सांगायला पाहिजे, दार बंद झालं तर कागद पुढे कोण सरकवणार, हा युक्तिवाद मी सुवात बाईंच्या बाजूच्या लोकांकडून भरपूर ऐकलाय आणि तो अगदीच फालतू नाहीये, एखाद्याचं परमिट, एखाद्या शाळेची ग्रँट, अशी कामं तिथे अशाच ओळखीने व्हायची. पण मंत्रिमंडळाच्या फोटोत एक भारतीय चेहरा असला की सरकारला जगापुढे मिरवता येतं, बघा यांचीही बाई आमच्यात आहे, आणि तो फोटो कुठल्याही ग्रँटपेक्षा महाग होता. त्याच सरकारच्या काळात १९९० ची ती घटना आली आणि सुवातली भारताची वकिलातही बंद करायला लावली. त्या खात्याच्या मंत्री म्हणून बाईंच्या हातात नक्की किती होतं माहीत नाही म्हणून सूट द्यायची तर द्या, पण राजीनामा त्यांच्याच हातात होता.

आता दुसरी बाजू पण सांगते कारण मला यात एक गोष्ट खटकते. १९९७ मध्ये जयराम रेड्डींनी राबुकाशी हातमिळवणी करून नवी घटना आणली, त्याच राबुकाशी, हां. १९९९ च्या निवडणुकीत भारतीयांनी रेड्डींच्या पक्षाला एकही जागा दिली नाही, सगळ्या भारतीय जागा महेंद्र चौधरींच्या लेबर पार्टीने नेल्या, म्हणजे मतदारांनी त्यांनाही शिक्षा केली. पण आज रेड्डींचं नाव निघालं की लोक म्हणतात दूरदृष्टीचा माणूस, आणि आयरीनबाईंचं निघालं की उस औरत. फरक आहे, मान्य आहे, रेड्डी निवडून आलेले होते आणि त्यांनी घटना बदलून दाखवली, बाईंनी काय बदललं ते दाखवता येत नाही. तरी सगळा फरक त्यातच संपतो असं मला नाही वाटत, बाईमाणसाने केलेली तडजोड लोक जास्त वर्षं लक्षात ठेवतात. आणि राबुका स्वतः? निवडून पंतप्रधान झाला, पडला, २०२२ च्या डिसेंबरात परत पंतप्रधान झाला आणि १४ मे २०२३ ला कूपबद्दल जाहीर माफी मागितली, त्या वर्षीपासून गिरमिट डेची सुट्टी सुरू झाली. त्याला माफी मागायला आयुष्य मिळालं. बाई २०११ लाच गेल्या. हे भाषणात एका वाक्यात सांग, त्यावर टिप्पणी नको, हॉलमधल्या बायका हुशार आहेत.

जमलं तर शेजारी आदी कुइनींना उभं कर. बावाद्रांच्या बायको. नवरा १९८९ मध्ये गेला, या बाईने लेबर पार्टी हातात घेतली, पुढे १९९९ ला चौधरींच्या सरकारात उपपंतप्रधान झाल्या, आणि वर्षभरात, मे २००० मध्ये, ते सरकारही कूपमध्ये गेलं. मूळ फिजियन, सरदार घराण्यातली बाई, भारतीयांच्या खांद्याला खांदा लावून उभी आणि दोनदा फटका खाल्लेली. एक भारतीय बाई कूपच्या सरकारात आणि एक फिजियन बाई कूपने पाडलेल्यांच्या बाजूला, हे दोन चेहरे एका स्लाइडवर दिसले की 'भारतीय विरुद्ध फिजियन' ही सोपी गोष्ट तिथेच कोलमडते, तुला वेगळं काही बोलावं लागणार नाही. मला तर वाटतं तुझं खरं भाषण हेच आहे, पण पंधरा मिनिटांत बसवायला कापाकापी करावी लागेल.

आंटींचं. मेसेज पाठवू नकोस, सॉरीचे हात जोडलेले इमोजी तर अजिबात नको. जा, दार उघडलं नाही तर बाहेरून सांग की आंटी पोस्टर निकाल दिया. मग ज्या दिवशी उघडतील त्या दिवशी भाषण काढू नकोस, फक्त विचार की १४ मे ला तुम्ही कुठे होतात. बस. मध्ये मध्ये 'हो मी वाचलंय' करू नकोस, तुझी ती सवय पत्रातूनही दिसतेय. त्या कदाचित दोन तास बोलतील, कदाचित एवढंच म्हणतील की छोड़ो, चाय पियो. दोन्ही चालेल. जे सांगतील ते त्यांच्या परवानगीशिवाय स्टेजवर वापरायचं नाही, नाव न घेताही नाही, ऑकलंडच्या फिजी लोकांत कोण कुणाची मावशी हे दोन वाक्यांत ओळखतात. आणि त्यांनी शेवटी विचारलं की मग बोलणार आहेस का त्या बाईवर, तर सरळ हो म्हण. बोलणार आहे, सगळं बोलणार आहे, तुमच्या वर्षांसकट. तरी त्या आल्या नाहीत तर तो त्यांचा हक्क आहे, मन वळवायला जाऊ नकोस, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी अळूची पानं मागायला जा, त्यांच्या परसात दालो असणारच.

कमिटीला कल्पना चावलाचं सुचतंय कारण तिच्यावर कुणी भांडणार नाही. ठीक आहे, पण मग ते दरवर्षी होतंच, गुलाबाचं फूल, नारळाची वडी, प्रेरणादायी पंधरा मिनिटं, घरी. त्यांना सांग की भाषणानंतर दहा मिनिटं प्रश्नांना नाही तर फिजीच्या बायकांपैकी ज्यांना बोलायचंय त्यांना देतोय, माइक त्यांच्या हातात, आणि आपण महाराष्ट्रवाल्या तेव्हा गप्प बसणार. यालाही कमिटी नाही म्हणाली तर मात्र कल्पना चावलावर बोल आणि हे भाषण मे महिन्यात गिरमिट डेच्या एखाद्या कार्यक्रमात कर, तिथे ते जास्त नीट बसेल, फक्त बोलावणं त्यांच्याकडून यायला हवं, आपण घुसायचं नाही.

पोस्टरवर नवीन मजकूर साधा ठेव: आयरीन जय नारायण, लखनौ, सुवा आणि १९८७. फोटो टाकायचा तर तरुणपणीचा, शिक्षिकेच्या काळातला मिळाला तर बघ, मंत्री असतानाचा नको. आणि ते 'देशाची सेवा केली' वाक्य खोडून स्क्रिप्ट परत पाठव, मी वाचून देते, पण फेब्रुवारी संपायच्या आत पाठव, नंतर मी मुलीकडे जाणार आहे.